कुंपणच शेत खाऊ लागले तर... : एन्डोमेट्रिऑसिस, रोगप्रतिकार यंत्रणा आणि मातृत्व

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी एका म्हणीत विचारून ठेवला आहे. मानवी शरीरातही कधी कधी असेच घडते. रोगजंतूंपासून रक्षण करण्यासाठी निसर्गाने जी रोगप्रतिकार यंत्रणा अहोरात्र सज्ज ठेवली आहे, तीच काही प्रसंगी आपले कर्तव्य विसरते आणि आजाराला आश्रय देऊ लागते. स्त्रियांमधील एन्डोमेट्रिऑसिस हा आजार त्याचे एक ठळक उदाहरण होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांच्याविषयी आपण घरात मोकळेपणाने बोलतो. या आजाराचे मात्र नावही अनेक सुशिक्षित कुटुंबांत कोणी ऐकलेले नसते. प्रस्तुत लेखिका वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राशी तिचा संबंध वाचनापुरताच. परंतु कर्ज विभागात काम करताना अर्जावर ‘वैद्यकीय खर्च’ एवढेच मोघम कारण लिहून समोर बसणारी अनेक दांपत्ये पाहण्यात आली. थोडे बोलणे झाले की कळते, खर्च अपत्यप्राप्तीच्या उपचारांचा आहे आणि त्यामागे वर्षानुवर्षे सोसलेली, कोणी फारशी मनावर न घेतलेली पोटदुखी आहे. या विषयाचा अभ्यास करावा असे वाटले ते त्यामुळेच.

आजार नेमका कोणता?

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. त्यास एन्डोमेट्रियम म्हणतात. दर महिन्याला संप्रेरकांच्या प्रभावाने हे अस्तर जाड होते, गर्भाच्या स्वागतास सिद्ध होते आणि गर्भधारणा न झाल्यास मासिक पाळीच्या रूपाने गळून पडते. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजांडकोशांवर, गर्भनलिकांवर, उदराच्या आतील पातळ आवरणावर, आतड्यांवर अथवा मूत्राशयावर रुजून वाढू लागल्या, की त्या स्थितीला एन्डोमेट्रिऑसिस असे नाव आहे. क्वचित प्रसंगी सिझेरियनच्या जुन्या व्रणातही ही वाढ होते आणि पाळीच्या दिवसांत तेथील गाठ दुखू लागते.

अस्थानी रुजलेल्या या पेशी आपला मूळ धर्म सोडत नाहीत. संप्रेरकांच्या चढउताराला त्या प्रतिसाद देतात आणि त्यांतून रक्तस्रावही होतो. पाळीचे रक्त योनिमार्गे बाहेर पडते. या रक्ताला मात्र वाटच नसते. ते तेथेच साचते, भोवतालचा भाग लाल होतो, सुजतो, कालांतराने व्रण तयार होतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात हे जुने रक्त साचले तर गडद तपकिरी द्रवाने भरलेली गाठ तयार होते. डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात.

पाळीच्या वेळी असह्य वेदना, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणे, शरीरसंबंधाच्या वेळी किंवा शौचाच्या व लघवीच्या वेळी वेदना, पोट फुगणे, सततचा थकवा आणि गर्भधारणेत अडचण ही याची प्रमुख लक्षणे होत. वेदनेची तीव्रता आणि आजाराचा विस्तार यांचे प्रमाण मात्र जुळतेच असे नाही. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते, तर मोठी गाठ असूनही दुसरीला काहीच जाणवत नाही. वंध्यत्वाची तपासणी करतानाच तिला आजाराची प्रथम वार्ता लागते.

सॅम्पसन यांचा सिद्धान्त आणि एक कोडे

या पेशी गर्भाशयाबाहेर पोहोचतात तरी कशा? अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये याचे एक उत्तर मांडले. पाळीच्या वेळी काही रक्त उलट दिशेने, गर्भनलिकांतून उदरपोकळीत शिरते आणि त्यासोबत अस्तराच्या जिवंत पेशी तेथे जाऊन रुजतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. आजही हाच सिद्धान्त सर्वाधिक मान्यता पावलेला आहे.

त्याला पुढे एक विलक्षण पुष्टी मिळाली आणि त्याच पुष्टीने नवे कोडे उभे केले. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीच्या सुमारास दुर्बिणीद्वारे तपासणी केलेल्या, गर्भनलिका खुल्या असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या उदरपोकळीत रक्त आढळले. याचा अर्थ, रक्त उलट दिशेने जाणे ही जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. मग आजार दहांपैकी एकीलाच का होतो? उरलेल्या नऊ जणींच्या पोटात शिरलेल्या पेशींचे काय होते?

त्या पेशी कोणीतरी साफ करीत असले पाहिजे. येथेच रोगप्रतिकार यंत्रणेचा प्रवेश होतो.

शरीराचे पहारेकरी

१८८२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. परक्या पदार्थाला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाचा गौरव म्हणून पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील मोठ्या भक्षक पेशी म्हणजे मॅक्रोफेज. त्या आपल्या उदरपोकळीत सदैव गस्त घालीत असतात. मृत पेशी, गळालेले रक्त, जंतू असा सर्व केरकचरा त्या गिळून टाकतात.

त्यांच्या जोडीला ‘नॅचरल किलर’ नावाच्या मारक पेशी असतात. बिघडलेली किंवा अस्थानी आलेली पेशी ओळखून तिला नष्ट करणे हे त्यांचे काम. याशिवाय या सर्वांना आवर घालणाऱ्या, ‘आता पुरे’ असे सांगणाऱ्या नियामक टी पेशी असतात. या नियामक पेशींसंबंधीच्या मूलभूत संशोधनासाठी मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हल्ला करणारे आणि हल्ला थांबविणारे यांच्या समतोलावरच आपले आरोग्य उभे असते.

पहारा कोठे ढिला पडतो?

या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल १९८१ मध्ये पडले. शिकागो येथील डॉ. पॉल डमोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींचा अभ्यास केला. या माकडिणींनाही स्त्रियांप्रमाणे मासिक पाळी येते व त्यांच्यापैकी काहींना हा आजार आपोआप होतो. आजारी माकडिणींची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच अस्थानी अस्तराला निरोगी माकडिणींच्या तुलनेने क्षीण प्रतिसाद देते, असे त्यांना आढळले. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी स्त्रियांच्या रक्तावर प्रयोग करून दाखविले की एन्डोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांच्या मारक पेशी स्वतःच्या अस्तराच्या पेशींना मारण्यात कमी पडतात. पहारा ढिला पडतो तो असा.

मॅक्रोफेज पेशींची कथा याहून चमत्कारिक आहे. आजारी स्त्रियांच्या उदरातील द्रवात या पेशी कमी नसतात; उलट त्या नेहमीपेक्षा अधिक संख्येने जमलेल्या व उत्तेजित झालेल्या आढळतात. परंतु केर उचलण्याऐवजी त्या जखम भरून काढण्याच्या कामाला लागतात. अस्थानी पेशींचा पुंजका म्हणजे एक जखमच आहे, असा जणू त्यांचा समज होतो. त्यामुळे त्या तेथे नव्या रक्तवाहिन्या वाढविणारे पदार्थ स्रवतात. २००९ मध्ये इटालियन संशोधकांनी उंदरांमधील मॅक्रोफेज पेशी काढून टाकल्या, तेव्हा अस्थानी पुंजक्यांना पुरेशा रक्तवाहिन्या फुटल्या नाहीत आणि त्यांची वाढ खुंटली. २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी याच विषयाची आणखी एक बाजू उलगडली. उंदरांमध्ये अस्तरासोबत आलेल्या मॅक्रोफेज पेशी आजाराला साथ देतात, तर रक्तातून नव्याने उदरपोकळीत दाखल होणाऱ्या काही मॅक्रोफेज पेशी त्याला विरोध करतात, असे त्यांना आढळले. एकाच पेशीकुळात घरभेदी आणि निष्ठावंत दोन्ही असतात, हे यावरून ध्यानात येते.

या साऱ्यातून एक दुष्टचक्र सुरू होते. चिडलेल्या पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक रसायने सोडतात. त्यामुळे दाह वाढतो आणि प्रोस्टाग्लॅन्डिन हे द्रव्य तयार होते. पाळीच्या कळा मुख्यतः याच द्रव्यामुळे येतात. प्रोस्टाग्लॅन्डिनमुळे अस्थानी पेशी स्वतःच इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवू लागतात. इस्ट्रोजेनमुळे पेशी वाढतात व आणखी प्रोस्टाग्लॅन्डिन निर्माण होते. या चक्राला लगाम घालू शकणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक येथे निष्प्रभ ठरते, कारण या पेशी त्याची आज्ञा पुरेशी पाळत नाहीत. सावकाराच्या व्याजावर व्याज चढत जावे, तसा हा प्रकार असतो. भरीस भर म्हणून मॅक्रोफेज पेशींतील काही द्रव्ये मज्जातंतूंना नवे अंकुर फुटण्यास चालना देतात आणि वेदना अधिक तीव्र होतात. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून हसण्यावारी नेली जाणारी वेदना अशी पूर्णतः शारीरिक असते.

रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाड हे आजाराचे कारण, की आजारामुळे ती यंत्रणा बिघडते, हा वाद मात्र ‘बीज आधी की वृक्ष आधी’ अशा स्वरूपाचा असून तो अद्याप मिटलेला नाही. आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. आई किंवा बहिणीला हा आजार असल्यास धोका वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकीय माहितीवरून आजाराशी निगडित अशी ४२ स्थाने निश्चित करण्यात आली. त्याच वर्षी जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना सुमारे ६४ टक्के रुग्ण स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जीवाणू आढळला. आजार नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. २०२५ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी दाखवून दिले की एन्डोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांना संधिवातासारखे रोगप्रतिकार यंत्रणेशी संबंधित आजार होण्याचा धोका ३० ते ८० टक्क्यांनी अधिक असतो. मुंबईत परळ येथे असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनेही भारतीय स्त्रियांतील या आजाराच्या लक्षणांचा व जनुकीय कारणांचा अभ्यास हाती घेतला आहे, ही समाधानाची बाब होय.

मातृत्वाच्या वाटेवरील अडथळे

निरोगी तरुण दांपत्यात दर महिन्याला गर्भधारणेची शक्यता साधारणपणे १५ ते २० टक्के असते. उपचार न झालेल्या एन्डोमेट्रिऑसिसमध्ये ती २ ते १० टक्क्यांपर्यंत उतरते, असे मानले जाते. या आजाराच्या ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते. याचाच दुसरा अर्थ असा की अनेक स्त्रियांना ती अडचण येत नाही. निदान झाले म्हणजे मातृत्वाचे दार बंद झाले, असे मुळीच नाही.

अडचण येते ती अनेक पायऱ्यांवर. चिकटलेल्या अवयवांमुळे गर्भनलिकेला स्त्रीबीज टिपून घेता येत नाही, हे तर उघडच आहे. पण नलिका पूर्णपणे खुल्या असूनही गर्भ राहत नाही, तेव्हा कारण उदरातील दाहात शोधावे लागते. साचलेल्या रक्तातील लोह आणि दाहक रसायने यांमुळे स्त्रीबीजाची प्रत खालावू शकते. शुक्रजंतूंची गती मंदावते आणि उत्तेजित मॅक्रोफेज त्यांनाही गिळून टाकतात. बीजांडकोशातील गाठीमुळे स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो.

यानंतरची पायरी गर्भ रुजण्याची. गर्भात निम्मा वारसा पित्याचा असतो. मातेच्या शरीराच्या दृष्टीने तो निम्मा परकाच. तरीही माता त्याला नऊ महिने सांभाळते कशी, हा प्रश्न सर पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये शास्त्रज्ञांपुढे ठेवला होता. आज आपल्याला ठाऊक आहे की गर्भाशयातील नियामक टी पेशी या परकेपणाकडे काणाडोळा करावयास लावतात. गर्भाशयातील मारक पेशी तर नाव मारक असूनही येथे संगोपनाचे काम करतात. वारेला रक्तपुरवठा करणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करण्यास त्या मदत करतात. एन्डोमेट्रिऑसिसमध्ये दाह आणि प्रोजेस्टेरॉनचा मंदावलेला प्रभाव यांमुळे गर्भाशयातील हे सहिष्णू वातावरण काही स्त्रियांत बिघडत असावे, असे संशोधकांचे मत आहे.

हरवलेली वर्षे

विविध देशांतील अभ्यासांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारणपणे चार ते बारा वर्षे लोटलेली आढळतात. पंधराव्या वर्षी सुरू झालेल्या वेदनेला पंचविशीत नाव मिळते! या विलंबाला आजाराइतकेच आपले मौनही जबाबदार आहे. ‘आमच्या वेळी आम्हीही सोसलेच की’, ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की सगळे सुरळीत होईल’ ही वाक्ये घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मायेपोटीच बोलतात. पण आजारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे युरोपमधील तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टपणे नमूद केलेले आहे. ज्या आजाराने गर्भधारणाच कठीण होते, त्यावर गर्भधारणा हाच इलाज सांगणे हा क्रूर विनोद ठरतो.

पाळीच्या वेळी थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे. परंतु दर महिन्याला शाळा, महाविद्यालय किंवा कार्यालय बुडावे, साध्या वेदनाशामक गोळीने भागू नये, वेदना वर्षागणिक वाढत जावी, हे स्वाभाविक नाही. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे आहे. पूर्वी दुर्बिणीद्वारे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज निदान पक्के मानीत नसत. २०२२ च्या उपरोक्त सूचनांनुसार आता ते बंधन राहिलेले नाही. लक्षणे, तज्ज्ञाने केलेली तपासणी, योनिमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. सोनोग्राफीत काही न दिसणे म्हणजे आजार नसणे असे मात्र नव्हे, कारण पातळ ठिपके तीत दिसत नाहीत. सीए-१२५ ही रक्ततपासणीही निदानासाठी विश्वासार्ह मानली जात नाही. क्षयरोगासह इतर अनेक आजारांत ती वाढलेली दिसू शकते. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हेही वंध्यत्वाचे एक कारण असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

उपचार : काय सिद्ध, काय असिद्ध?

हा आजार समूळ नाहीसा करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही. पण त्याला आटोक्यात ठेवता येते. वेदनेसाठी दाहविरोधी गोळ्या आणि संप्रेरकांवर आधारित औषधे दिली जातात. संप्रेरकांच्या औषधांनी बहुधा स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते. त्यामुळे ती वेदनेवर उपयुक्त असली तरी गर्भधारणेची शक्यता वाढवीत नाहीत. मूल हवे असलेल्या दांपत्याने ही गोष्ट डॉक्टरांना आरंभीच सांगावी, म्हणजे मोलाचे महिने वाया जात नाहीत.

शस्त्रक्रियेबाबत कॅनडामध्ये झालेली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी प्रसिद्ध आहे. सौम्य आजार व वंध्यत्व असलेल्या ३४१ स्त्रियांपैकी निम्म्यांच्या बाबतीत दुर्बिणीद्वारे आजाराचे ठिपके काढून टाकण्यात आले. उरलेल्यांची केवळ तपासणी झाली. पहिल्या गटातील १७२ पैकी ५० स्त्रियांची, तर दुसऱ्या गटातील १६९ पैकी २९ स्त्रियांची गर्भधारणा वीस आठवड्यांपलीकडे टिकली. लाभ निश्चित, पण मर्यादित, असा याचा निष्कर्ष. चॉकलेट सिस्टच्या शस्त्रक्रियेत निरोगी स्त्रीबीजेही काही प्रमाणात गमावली जातात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एएमएच या रक्ततपासणीने साठ्याचा अंदाज घेण्याविषयी डॉक्टरांशी चर्चा करावी. वय पस्तिशीपुढे असल्यास, साठा कमी असल्यास किंवा नलिका बंद असल्यास टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा विचार लवकर केला जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी १९८६ मध्ये या तंत्राने बाळ जन्मास आले, त्याला आता चार दशके होत आली आहेत.

मग रोगप्रतिकार यंत्रणेवरच उपचार का करू नयेत? प्रश्न रास्त आहे आणि प्रयत्नही झाले आहेत. संधिवातावर गुणकारी ठरलेले इन्फ्लिक्सिमॅब हे औषध एन्डोमेट्रिऑसिसच्या वेदनेवर वापरून पाहण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या चाचणीत औषध आणि निष्क्रिय द्रव्य यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ज्या यंत्रणेतील काही पेशी शत्रूला सामील आहेत आणि काही त्याच्याशी लढत आहेत, तिच्यावर सरसकट घाव घालून चालत नाही, हा त्यातील बोध.

असे असतानाही काही ठिकाणी रक्तातील मारक पेशींची महागडी तपासणी, सलाईनमधून चरबीयुक्त द्रव, स्टिरॉइड किंवा ‘इम्युनिटी वाढविणारे’ उपचार यांचा आग्रह धरला जातो. रक्तातील मारक पेशी आणि गर्भाशयातील मारक पेशी यांचे स्वरूप व कार्य भिन्न असल्याने एकीच्या मोजणीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. एन्डोमेट्रिऑसिसमध्ये गर्भधारणा वाढविण्यासाठी हे उपचार उपयुक्त असल्याचा भक्कम पुरावा नाही. बाजारातील ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ चूर्णे व गोळ्यांविषयीही सावध असावे. येथे प्रश्न शक्ती कमी असण्याचा नसून ती भलत्या दिशेने वळण्याचा आहे. सकस आहार, व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी बरे वाटते हे खरे. पण ती उपचारांना पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

खर्चाचा हिशेब

या उपचारांचा आर्थिक भार लहान नसतो. त्यामुळे काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. बहुतेक आरोग्य विमा योजनांत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. एन्डोमेट्रिऑसिसच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा प्रतीक्षा काल असतो. २०२४ च्या नियमांनुसार हा काल ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. म्हणून पॉलिसी तरुण वयातच घ्यावी, आजार लपवू नये आणि वगळलेल्या बाबींची यादी बारकाईने वाचावी. आस्थापनेच्या सामूहिक विम्यात काय समाविष्ट आहे, याचीही चौकशी करावी.

टेस्ट ट्यूब बेबीचे केंद्र निवडताना ते २०२१ च्या साहाय्यित जननतंत्र कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, याची खात्री करणे आवश्यक आहे. एका फेरीचा एकूण खर्च, औषधांचा वेगळा खर्च आणि त्या वयोगटातील यशाची शक्यता लेखी मागावी. कोणत्याही अतिरिक्त तपासणीपूर्वी ‘याने यशाची शक्यता वाढते याचा पुरावा काय?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी हजारो रुपयांची बचत होऊ शकते. कर्ज घ्यावयाचेच झाल्यास पहिली फेरी अयशस्वी झाली तरी हप्ते फेडता येतील, असाच आकडा ठरवावा. आशेच्या भरात घेतलेले निर्णय पुढे जड जातात.

मौन सोडण्याची वेळ

रोगप्रतिकार यंत्रणेविषयीच्या या संशोधनाने उद्याचे औषध कधी मिळेल ते मिळो. एक गोष्ट त्याने आजच दिली आहे. एन्डोमेट्रिऑसिस हा स्त्रीच्या वागण्याचा, उशिरा लग्न करण्याचा, नोकरी करण्याचा किंवा सहनशक्ती कमी असण्याचा दोष नाही. पेशींच्या पातळीवर घडणारी ही घडामोड आहे, आणि तिला कोणतीही स्त्री स्वतः जबाबदार नसते. मूल होत नाही म्हणून सुनेकडे बोट दाखविण्यापूर्वी एवढे जरी घरोघरी समजले, तरी अनेक संसार सुखाचे होतील. वंध्यत्वाच्या तपासणीत पतीची तपासणीही तितकीच आवश्यक असते, हेही या निमित्ताने सांगावेसे वाटते.

मार्च महिना जगभर या आजाराविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. पण आपल्या मुलीला, बहिणीला किंवा सहकारी स्त्रीला दर महिन्याला ठरावीक दिवशी अंथरुण धरावे लागत असेल, तर मार्चची वाट पाहण्याचे कारण नाही. तिचे म्हणणे ऐकावे, तिच्या पाळीच्या तारखा व वेदनांची नोंद वहीत ठेवण्यास तिला सुचवावे आणि ती वही घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. दहा वर्षांचा विलंब दहा महिन्यांवर आणण्याचे सामर्थ्य त्या साध्या नोंदवहीत आहे. शरीराचे कुंपण दगा देत असले, तरी घराचे कुंपण भक्कम राखणे आपल्या हाती आहे.